थोरल्यांची अमानत

माझं लग्न ठरलं होतं थोरल्याशी आणि लागलं धाकट्याशी. आमच्या भागात ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना हसतात. दुसऱ्या कुणा बाईच्या बाबतीत घडलं असतं तर मीही पदराआड हसले असते.

गेलं साल धामधुमीचं होतं. निजामाचं राज्य राहतं की जातं, कुणाला काही कळत नव्हतं. रोज कुठल्या ना कुठल्या गावाहून मारामारीची, जाळपोळीची बातमी यायची. तुळशीचं लग्न झालं आणि ज्यांच्या घरी लग्नाच्या पोरी होत्या त्यांनी मिळेल ते स्थळ गाठून त्या उजवून टाकल्या. माझं माहेर डोंगरकड्याच्या अंगाला. गावात चौथीपर्यंत शाळा होती, तेवढी मी शिकले. पुढची शाळा उर्दूची आणि लांब, त्यामुळं तो विषयच नव्हता. आबांनी शिरड शहापूरकडचं एक घर बघितलं. दोन भाऊ, बारकी शेती, घरी आईबाप. थोरल्यासाठी मागणी घातली आणि बाजाराला जाऊन आल्यासारखं सगळं पटकन ठरलं. थोरल्यांना मी बघितलं नव्हतं. धाकट्यांना बघायचं काही कारणच नव्हतं.

वऱ्हाड बैलगाड्यांतून निघालं होतं. अर्ध्या वाटेवर एका ओढ्याशी बैलांना पाणी दाखवायला गाड्या सोडल्या. तिथं थोरल्यांनी डोक्याचा फेटा काढला, जरीचं उपरणं काढलं, नवे जोडे काढले, सगळ्याचं गाठोडं बांधून धाकट्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "धर. हे समदं तुझ्यापाशी अमानत. मी आलोच." आणि शेजारच्या तुरीच्या पिकात शिरले. सगळ्यांना वाटलं, बाहेरच्याला गेले असतील. ऊन डोक्यावर आलं तरी ते परतले नाहीत. मग कुणीतरी तोंड उघडलं, की निजामाशी लढायला पैनगंगेपलीकडं सरहद्दीवर जी पोरं जाऊन बसली होती, त्यांच्यात थोरल्यांचं बरेच दिवसांपासून जाणं-येणं होतं.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मी आतल्या खोलीत हळदीच्या अंगानं बसले होते आणि अंगणातला गलका ऐकत होते.

"पोरगी हळदीची हाय. आता ही हळद धुवायची का काय?" हा आमच्या चुलत्यांचा आवाज.

"आमचा धाकटा हाय की," माझे होणारे सासरे म्हणाले. "त्याच मायच्या पोटचा."

"त्याला इचारा तरी."

"त्याला काय इचारायचं? बैल काय इचारून जुपतेत?"

अंगणात कुणीतरी हसलं. मग माय आत आली. तिचे डोळे लाल झाले होते. "थोरला न्हाई, धाकटा हाय," ती म्हणाली. "माळ घाल आन् गप ऱ्हा. खाली बघ."

मी खालीच बघत होते. अंतरपाटाखालून मला दोन पाय दिसत होते. वाटेच्या धुळीनं भरलेले, बिनजोड्याचे. थोरल्यांचे नवे जोडे गाठोड्यात असूनही धाकट्यांनी ते घातले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

भटजींना पुढच्या गावी आणखी एक लग्न लावायचं होतं. ते घाईत होते, आणि त्यांना सकाळपासून जे नाव सांगून ठेवलं होतं तेच त्यांच्या जिभेवर बसलं होतं. त्यांनी संकल्पात थोरल्यांचं नाव घेतलं. एक म्हातारी मोठ्यानं खाकरली, पण भटजी पुढं निघून गेले होते. जेवणं झाल्यावर मामंजींनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "एकदा लागलं ते लागलं. तीच पोरगी पुन्हा उभी करता येत न्हाई." आणि दक्षिणा घेऊन तट्टावर बसले.

म्हणून सासरच्या गावात मी उतरले ती दोघांची होऊन, नाही तर कुणाचीच न होऊन. पाणवठ्यावर बायांचे दोन तट पडले. एकींचं म्हणणं, जिच्या हातची माळ ज्याच्या गळ्यात, त्याची ती. दुसऱ्या म्हणायच्या, ज्याच्या नावानं मंतर म्हणलेत त्याची. एक तोंडाळ चुलत जाऊबाई रोज विचारायची, "काय गं, आज कुणाची बायको?" मी घागर भरायची आणि चालू लागायची. मला कधीच पटकन उत्तर सुचत नाही. घरी पोचल्यावर सुचतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी धाकटे दाराशी येऊन उभे राहिले. काखेत ते गाठोडं होतं. चौकटीकडं बघत म्हणाले, "तुमी दादाची अमानत हाव. तुमाला काई तकलीफ होऊ देणार न्हाई." मग आपली बाज उचलून गोठ्यात नेली. मामंजी ओरडले, "लगीन काय गाठोड्याशी लागलं का रे तुझं?" पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. त्यांचा थोरल्यावर फार जीव. तो उद्या येईल, परवा येईल, असं त्यांचं चाललं होतं. आपण काही बोललो तर तो येणार नाही अशीही त्यांना धास्ती वाटत असावी.

धाकट्यांना घरात लग्न ठरल्यापासून सगळ्यांनी पढवलं होतं, की नवी वहिनी येणार, तिच्याशी नीट बोलायचं. त्या सवयीनं एकदा त्यांनी चुलीपाशी येऊन हाक मारली, "वहिनी, ताक हाय का?" आणि तिथंच जीभ चावली. मी खाली बघितलं. शेजारीण बसली होती, ती एवढी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून त्यांनी मला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. मीही त्यांना मनात काय म्हणावं ते ठरवलं नव्हतं. 'हे' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मग ते बैलाशी बोलू लागले. आमच्याकडं पांढरा बैल होता, शांत, म्हातारपणाकडं झुकलेला. मी गोठ्यात शेण काढायला गेले की ते त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "पांढऱ्या, आज भाकरीत मीठ जास्ती झालतं बरं का."

मी शेणाकडं बघत म्हणायची, "पांढऱ्या, मग काल काहून गप बसलं माणूस? काल तर दुप्पट झालतं."

"काल भूक जास्ती होती, पांढऱ्या."

बैल बिचारा रवंथ करायचा. असं करत करत आमचं बरंच बोलणं झालं. त्यांना कारल्याची भाजी आवडते, लहानपणी त्यांना थोरल्यांनी खांद्यावर बसवून औंढ्याची जत्रा दाखवली, मला अंधाराची नाही पण माणसांची भीती वाटते, हे सगळं आम्ही त्या बैलाला सांगितलं.

फाल्गुनात हळद शिजवायची होती. बांधावर चूल खणून तिच्यावर काहील चढवली, वर पाला आणि ओलं पोतं झाकलं. मी जाळ लोटत होते. वारं फिरलं आणि सगळा धूर माझ्या तोंडावर आला. बैल बाभळीखाली, बराच लांब होता. तरी ते त्याच्याकडं तोंड करून ओरडले, "पांढऱ्या, धुराच्या अंगाला बसू नये माणसानं!"

"उठलं तर जाळ कोण लोटणार, पांढऱ्या?" मी म्हटलं.

"आमी लोटतो की."

ते माझ्या जागेवर आले, मी उठले, पण दुसऱ्या बाजूला जायला वाट नव्हती. एकीकडं काहील, एकीकडं हळदीचा ढीग. थोडा वेळ आम्ही दोघंही त्याच धुरात उभे होतो आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसायला लागले. मला पण हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून मी मनात त्यांना 'हे' म्हणू लागले.

हळद विकायला हे हिंगोलीला गेले. बाजारातून गूळ आला की ज्या कागदात तो बांधलेला असायचा तो मी चुलीत घालण्याआधी वाचून बघायची. ते ह्यांनी हेरलं होतं. ह्यांना अक्षर येत नव्हतं. परत आले तेव्हा ह्यांच्या जवळ एक पुस्तक होतं. पुठ्ठा नव्हता, पहिली बरीच पानं नव्हती, शेवटचीही नव्हती. दुकानदार त्याची पानं फाडून मिरचीच्या पुड्या बांधत होता, उरलेलं ह्यांनी मागून आणलं. बैलाच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "पांढऱ्या, वाच."

ती चीन देशातल्या नवराबायकोची गोष्ट होती. कुणीतरी मराठीत उतरवलेली. माझ्या हाती आली तिथं लग्न होऊन गेलं होतं. घाईत झालेलं, कारण नवऱ्याचा बाप आजारी होता. दोघांची ओळखपाळख नाही. एकाच घरात राहतात आणि बोलत नाहीत. नावं अशी की जीभ वळेना, म्हणून आम्ही नुसतं 'तो' आणि 'ती' म्हणायचो. दुपारी हे गोठ्यात अंबाडीचा दोर वळायचे आणि मी उंबऱ्यात बसून वाचायची. ह्यांच्या शंका फार.

"बिनदुधाचा चहा? आन् तो पेतो?"

"पेतो असं लिहिलंय."

"मग बायकोवर नाराज असंल. म्हणून मुकाट पेत असंल."

एक दिवस आत्याबाईंनी बाहेरून माझा वाचायचा सूर ऐकला. त्यांना वाटलं, सून पोथी वाचते. त्या हातपाय धुऊन आल्या, भिंतीला टेकून हात जोडून बसल्या. मी गांगरले, पण थांबताही येईना. त्या चिनी बाईनं नवऱ्याच्या फाटक्या अंगरख्याला टाका घातला, तो त्यानं झोपेत असल्यागत पडून बघितला, असं काहीसं चाललं होतं. आत्याबाईंनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर विचारलं, "कोणत्या देवाची हाय गं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे दोराकडं बघत म्हणाले, "लांबच्या देशातला हाय, माय. तिकडं लई मानतेत त्याला."

"थोरल्यासाठी साकडं घातलं तर पावंल का?"

ह्यांचा हात थांबला. "पावंल," हे म्हणाले. त्यानंतर आत्याबाई रोज येऊन बसायच्या आणि उठताना पुस्तकाला हात लावून कपाळाला लावायच्या. मला हसावं की रडावं कळायचं नाही.

गोष्टीत त्या दोघांचं हळूहळू जमत गेलं. एका थंडीच्या दिवसात तो तिच्यासाठी शेगडी पेटवतो आणि काहीतरी विचारायला तोंड उघडतो, आणि तिथं पानं संपली. आत्याबाई त्या दिवशी मळ्यात होत्या. हे बराच वेळ दोर वळत राहिले.

"काय इचारलं असंल त्यानं?" मी म्हटलं. त्या वेळी बैलाचं नाव घ्यायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

ह्यांनीही घेतलं नाही. "तुमाला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्यानं काहीच इचारलं नसंल. तो बी म्हणाला असंल, तुमी अमानत हाव."

माझ्या तोंडून एवढं कसं निघालं माहीत नाही. हे लाल झाले. मग म्हणाले, "दादा म्हणला ते मी ऐकलंय. माझ्या कानानं. हे समदं तुझ्यापाशी अमानत म्हणला."

"ते गाठोड्याला म्हणाले. फेटा, उपरणं, जोडे."

"गाठोडं म्हणायचं असतं तर गाठोडं म्हणला असता. समदं म्हणला."

"मी तवा ओढ्यावर होते का? मी माझ्या घरी होते. जे त्यांच्या हातातच नव्हतं ते त्यांनी कसं दिलं?"

"हळद त्याची व्हती. मंतर त्याच्या नावाचे."

"आन् माळ?"

दोराचा पीळ सुटला होता, तो ह्यांनी पुन्हा घट्ट केला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तो येईल. मी इचारीन. तो म्हणंल, अरे बावळ्या, मी गाठोड्याचं म्हणलो व्हतो. आन् माझ्या पाठीत एक धपाटा घालंल. मंग..."

"मंग काय?"

"मंग बाज आत आणीन."

त्या दिवसापासून मी पण थोरल्यांची वाट बघू लागले. आत्याबाईंपेक्षा जास्त. घरात आम्ही तिघं तीन कारणांनी त्या एका माणसाची वाट बघत होतो. मामंजी बघत होते की नाही ठाऊक नाही. ते म्हणायचे, "तुमी समदी येडी झालाव," आणि चिलीम भरायचे.

पावसाळा गेला. भाद्रपदात हिंगोलीच्या सडकेनं लष्कराच्या गाड्या गेल्या, आणि थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य संपल्याची बातमी आली. गावात साखर वाटली. सरहद्दीवरून पोरं परतू लागली. कुणाला दाढी वाढलेली, कुणाच्या पायाला जखम. प्रत्येक गावात ढोल वाजायचे. आत्याबाई ढोल ऐकला की त्या गावी चालत जायच्या आणि परतलेल्या पोराचा हात धरून विचारायच्या, "माझा कुठं हाय बाबा?"

एकानं सांगितलं, वाशीमच्या बाजूला भेटला होता, बरा होता. दुसऱ्यानं सांगितलं, आषाढात तापानं फणफणला म्हणून नदीपलीकडच्या एका गावी त्याला मागं ठेवलं. तिसरा म्हणाला, तो आमच्यात नव्हताच, तो नागपूरकडं निघून गेला. चौथ्यानं काही सांगितलं नाही, नुसतं त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांच्या पाया पडला. आत्याबाईंनी त्या चौथ्याची गोष्ट घरी येऊन मला सांगितली आणि विचारलं, "पाया काहून पडला असंल गं तो?" मी म्हटलं, "मोठ्या माणसाच्या पडतेतच की, आत्याबाई."

दसरा झाल्यावर ह्यांनी ते गाठोडं कोनाड्यातून काढलं. सकाळची वेळ होती. मी सडा घालत होते. ह्यांनी बैलाच्या गळ्याखाली हात फिरवला, पण त्याच्याशी बोलले नाहीत. अंगणात आले.

"त्याला धुंडून येतो. नदीपलीकडं समद्या गावांत इचारतो. परत देतो हे, आन् इचारून येतो."

मी बादली खाली ठेवली. "जाऊ नका," मी म्हटलं. हे मी स्पष्ट म्हटलं. तोंडावर, खाली न बघता. "आता कुणाला इचारायचं ऱ्हायलंय? इतक्या जणांनी इतकं ठरवलं. आबांनी, मामंजींनी, भटजींनी, त्यांनी. मला एकदा तरी इचारा की. मी सांगते मी कुणाची हाय ते."

हे माझ्याकडं बघत राहिले. लग्नापासून इतका वेळ त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "तू सांगशील ते मला ठावं हाय. मला बी तेच पायजे. पण उद्या तो दारात येऊन हुबा ऱ्हायला तर मी त्याला कोणत्या तोंडानं आत घेऊ? आयुष्यभर बाज आत अन् मान खाली, असं न्हाई जमायचं मला."

मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले ते तेव्हा. एवढंच मला त्या सकाळचं गोड आठवतं.

"आलोच," म्हणाले आणि गेले. ओढ्याशी थोरलेही हाच शब्द बोलून गेले होते, मला तो आवडला नाही.

कळमनुरीपर्यंतची बातमी आली. तिथं एका ओळखीच्या माणसाच्या घरी भाकरी खाल्ली, गाठोडं उशाला घेऊन ओसरीवर पडले आणि सकाळी नदीच्या वाटेला लागले. नदीला अजून बरंच पाणी होतं. त्यापुढं कुणालाच काही ठाऊक नाही. मामंजी उमरखेडपर्यंत जाऊन आले. आल्यावर पाय धुतले, जेवले, आणि त्यांनी चिलीम भरली नाही. तेव्हा मला समजलं.

आता मार्गशीर्ष लागलाय. आबा मला न्यायला आले होते. मी गेले नाही. माहेरी जाऊन तरी कुणाची म्हणून राहू? मी कुंकू लावते. शेजारपाजारच्या सवाष्णी मला बोलवायचं का नाही, हे आपसात ठरवतात आणि बहुतेक वेळा विसरल्यासारखं करतात. ती तोंडाळ जाऊबाई पाणवठ्यावर आता मला काही विचारत नाही. माझी घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवते. ती जुनी टवाळी परवडली असती.

गोठ्यातली बाज मीच एक दिवस आत आणली. तिच्यावर कुणी निजत नाही. आम्ही तिच्यावर तूर वाळत घालतो.

आत्याबाई आणि मी दिवसभर फार बोलत नाही. आम्हा दोघींना एकमेकींची कीव येते आणि राग पण येतो. त्यांना वाटत असेल, धाकटा माझ्यापायी गेला. मला वाटतं, हे थोरल्यांपायी गेले. दोन्ही खरं आहे, म्हणून भांडता येत नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला बाहेर कुत्रं भुंकतं. आत्याबाई हातातलं सूप खाली ठेवतात.

"बघ गं, कोण आलं? थोरला का धाकटा?"

मी उठून दारापर्यंत जाते. रोज जाते. एखाद्या दिवशी कंटाळून बसून राहावं असं वाटतं, पण त्या माझ्याकडं बघत असतात. सडकेवर कुणाची तरी गाडी लांब गेलेली असते. नाहीतर शेजाऱ्याचं सुटलेलं वासरू.

"वासरू हाय, आत्याबाई."

"बांधून टाक त्याला," त्या म्हणतात. मी वासराच्या गळ्यात दावं घालते आणि शेजाऱ्याकडं सोडून येते.